कुपवाडला व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० कापतात, कागवाडला शून्य. नोकरी गेल्यावरचा भत्ता मात्र दोन्हीकडे सारखाच. हे कसं?

कुपवाड_हिशेब (धागाकर्ता)

पगारपत्रक करणाऱ्यांत हा घोळ कायम असतो, म्हणून एका उदाहरणावर धागा काढतो आहे.

समजा, एकाच मालकाचे दोन कारखाने आहेत. एक सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत, दुसरा म्हैसाळ ओलांडल्यावर कर्नाटकातल्या कागवाडला. दोन्हीकडे एकेक पुरुष कामगार, पगार १५,००० रुपये. कुपवाडच्या कामगाराचा व्यवसाय कर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. कागवाडच्याचा शून्य, कारण कर्नाटकात २५,००० च्या खालच्या पगाराला व्यवसाय करच नाही. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, मात्र दोघांचा सारखा. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के, रक्कम वरच्या रुपयाला न्यायची, म्हणून ११३ आणि ४८८. उद्या दोघांनाही कामावरून कमी केलं, तर ईएसआयकडून मिळणारा भत्ताही दोघांना सारखाच.

कारण घटनेतच आहे. व्यवसाय, धंदे आणि नोकऱ्यांवरचा कर राज्यसूचीत, ६० वी नोंद. सामाजिक सुरक्षा, सामाजिक विमा, रोजगार आणि बेरोजगारी समवर्ती सूचीत, २३ वी नोंद. पहिला विषय एकट्या राज्याचा, दुसऱ्यात केंद्राने १९४८ चा ईएसआय कायदा केला. त्यामुळे कर सीमेवर बदलतो, विमा बदलत नाही. राज्याच्या करालाही कलम २७६ चं झाकण आहे: माणशी वर्षाला २,५०० च्या वर नाही. १९५० मध्ये ही मर्यादा २५० होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली आणि तिथेच थांबली.

व्यवसाय कराचे बारकावे, भत्त्याच्या अटी आणि इतर देशांत हे कसं विभागलं आहे, यावर जाणकारांनी लिहावं. स्वतःच्या नोकरीच्या हकिकती नकोत, नियम आणि आकडे हवेत.

गावभाग_कर

व्यवसाय कराचं मी सांगतो. महाराष्ट्रात पुरुषांना ७,५०० पर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० ला महिना १७५, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफ. ६५ वर्षांवरच्यांना माफ. अपंगत्वाची सवलत ४० टक्क्यांपासून, दाखला फाइलला लावून ठेवावा.

कर्नाटकात स्त्री-पुरुष भेद नाही. २५,००० आणि त्यावर २००, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर तिथेही फेब्रुवारीत ३००.

आता पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर हमखास कुठे चुकतं ते पाहा. एका बाईंचा पगार बरोबर २५,००० आहे. महाराष्ट्रात '२५,००० पर्यंत माफ', म्हणून शून्य. कर्नाटकात '२५,००० आणि वर', म्हणून २००. एका रुपयाच्या या काठावर दोन्ही राज्यांना एकच सूत्र लावलं की एका ठिकाणी जास्त कापलं जातं किंवा दुसऱ्या ठिकाणी कमी भरलं जातं. कमी भरलेलं मालकाच्या खिशातून जातं, कारण कापून भरण्याची जबाबदारी त्याची.

नोंदण्या दोन. कामगारांचा कर कापून भरायला पीटीआरसी आणि धंद्याचा स्वतःचा कर भरायला पीटीईसी. पीटीईसीचे २,५०० दर वर्षी ३० जूनपर्यंत. कंपनीची पीटीईसी घेतली म्हणजे संचालकांचं भागलं असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही, प्रत्येक संचालकाची वेगळी.

पीटीआरसीत आदल्या वर्षीचा कर एक लाखाच्या आत असेल तर वर्षाचं एकच विवरणपत्र, ३१ मार्चपर्यंत, आणि त्यात मार्च ते फेब्रुवारीचे पगार. इथे एप्रिल ते मार्च धरला की फेब्रुवारीच्या ३०० चा मेळ बसत नाही आणि फरक निघतो. एक लाख किंवा जास्त असेल तर दरमहा. उशीर झाला तर पहिला महिना सव्वा टक्का व्याज, मग दीड, तीन महिन्यांपलीकडे दोन टक्के. वर विलंब शुल्क: तीस दिवसांत भरलं तर २००, नाहीतर १,०००.

कागवाडच्या कारखान्याला महाराष्ट्राची पीटीआरसी चालत नाही. कर्नाटकात वेगळी नोंदणी आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरणा.

मिरज_जंक्शन

राहायला मिरजेत आणि रोज कागवाडला कामाला. कर कुठला?

गावभाग_कर

कर्नाटकाचा. व्यवसाय कर नोकरी जिथे चालते त्या राज्याचा, घर कुठे आहे हे बघायचं नाही. उलटही तेच: कागवाडचा माणूस कुपवाडला कामाला येत असेल तर महाराष्ट्राचे २,५०० लागतात.

एकाच वेळी दोन मालकांकडे काम असेल तर दोघांनीही कापू नये म्हणून कामगाराने स्वतः पीटीईसी घेऊन २,५०० भरायचे आणि तसं प्रमाणपत्र दोन्हीकडे द्यायचं. हे फार कमी जणांना माहीत असतं आणि वर्षाला ५,००० जात राहतात.

आणखी एक. आयकराच्या जुन्या पद्धतीत व्यवसाय कराची वजावट मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही.

वारणाकाठ

थोडी भर. सगळ्या राज्यांत हा कर आहे असंही नाही. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थानात नाही. केरळ आणि तमिळनाडूत तो स्थानिक संस्था सहामाही घेतात, तिथल्या शाखेसाठी महापालिकेशी किंवा पंचायतीशी व्यवहार करावा लागतो.

विश्रामबाग_ईएसआय

भत्त्याचं लिहितो. हे नीट वाचा, कारण हक्क असूनही लोक मागत नाहीत, आणि मागतात तेव्हा कागदात अडकतात.

योजना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासून. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के होते. २४ मार्च २०२० पासून ५० टक्के केले आणि नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबायची अट ३० दिवसांवर आणली. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून अर्जाच्या दिवशी मुदत आणि दर बघूनच भरा.

पात्रता अशी. ईएसआयचं वर्ष दोन अंशदान (म्हणजे हप्ता भरण्याच्या) कालखंडांत मोडतं: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नोकरी जाण्याआधी सलग दोन वर्षं विमापात्र नोकरी हवी. लगेच आधीच्या कालखंडात किमान ७८ दिवसांचं अंशदान हवं आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी एका कालखंडात ७८ दिवस हवेत.

हिशेब: चार कालखंडांची एकूण कमाई भागिले ७३०, त्याच्या निम्मी रक्कम, गुणिले ९०. धागाकर्त्यांच्या १५,००० च्या कामगाराचे २४ महिन्यांचे ३,६०,००० होतात. भागिले ७३० म्हणजे ४९३.१५. निम्मे २४६.५८. नव्वद दिवसांचे सुमारे २२,१९२ रुपये. त्याच दोन वर्षांत त्याचं स्वतःचं अंशदान ११३ गुणिले २४, म्हणजे २,७१२ रुपये झालेलं असतं.

भागाकार ७३० नेच होतो, कामाच्या दिवसांनी नाही. मध्ये तीन महिने काम बंद असेल तर कमाई घटते पण भाजक तोच राहतो, आणि रक्कम अपेक्षेपेक्षा कमी येते. यावर तक्रार करून उपयोग नसतो, सूत्रच तसं आहे.

आता कुठे अडतं ते.

सगळ्यात मोठा अडथळा शेवटच्या महिन्याच्या अंशदानात मालक कामगाराच्या नावापुढे जे कारण निवडतो त्याचा. यादीत 'रिट्रेंचमेंट' (कामगार कपात) वेगळं आहे आणि 'लेफ्ट सर्व्हिस' (नोकरी सोडली) वेगळं. भरणारा घाईत सगळ्यांना 'लेफ्ट सर्व्हिस' लावून मोकळा होतो. मग कामगार स्वतःहून गेला असा अर्थ निघतो. स्वेच्छानिवृत्ती, वयोमानाने निवृत्ती, गैरवर्तनावरून बडतर्फी, यांत भत्ता नाही.

दुसरा, दिवस. पगार बरोबर भरला पण दिवस शून्य किंवा कमी टाकले, तर ७८ चा आकडा भरत नाही. कामगाराने वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, आपल्या आयपी नंबरवर (ईएसआयचा विमा क्रमांक) दिवस तपासावेत. नोकरी चालू असताना दुरुस्ती करून घेणं सोपं, कारखान्याला कुलूप लागल्यावर कोणाला शोधणार?

तिसरा, आधारवरचं नाव, बँकेतलं नाव आणि ईएसआयमधलं नाव यांतला फरक. 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय' एवढ्यानेही अर्ज परत येतो.

अर्ज कामगाराने स्वतः पोर्टलवर करायचा, मालकामार्फत नाही. कागद अपलोड झाले नसतील तर प्रिंटवर सही करून आधार आणि बँकेच्या तपशिलासह जवळच्या शाखा कार्यालयात द्यायचा.

कुपवाड_हिशेब

कारखानाच कायमचा बंद झाला तर?

विश्रामबाग_ईएसआय

मग दुसरी, जुनी योजना आधी बघायची. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासून. कारखाना बंद पडणं, कामगार कपात, किंवा कामाशी संबंध नसलेल्या अपघाताने आलेलं किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व, ही तिची कारणं. ती एकूण २४ महिन्यांपर्यंत मिळते: पहिले बारा महिने ५० टक्के, पुढचे बारा २५ टक्के. हातात बंदचे किंवा कपातीचे पक्के कागद असताना घाईने ९० दिवसांची योजना घेणं म्हणजे मोठा हक्क बाजूला ठेवणं.

पलूस_किर्लोस्करवाडी

शीर्षकातल्या 'दोन्हीकडे सारखाच' ला एक पुरवणी जोडा. १९४८ चा कायदा सगळ्या देशाला एका दिवसात लागू झाला नाही. जिल्हे, तालुके, औद्योगिक पट्टे टप्प्याटप्प्याने अधिसूचित होत गेले. एका गटात ईएसआय लागू आणि शेजारच्या गावात नाही, अशी परिस्थिती वर्षानुवर्षं होती. कामगाराची दोन वर्षं मोजताना त्या ठिकाणी अंशदान कधी सुरू झालं हे पाहायलाच लागतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही भागवार अधिसूचनेची पद्धत ठेवलेली नाही.

तासगाव_पूर्व

या धाग्यात तासगावचं नाव अजून आलं नाही, ते यायला हवं.

महाराष्ट्राचा व्यवसाय कर १९७५ चा, आणि तो आला रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. रोजगार हमीची मूळ कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते, आणि १९६० च्या दशकात त्यांनी पहिला प्रयोग केला तो तासगाव तालुक्यात, विसापूरकडे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. निधीत व्यवसाय कराबरोबर इतर काही अधिभार, आणि तेवढीच भर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची. शहरातल्या पगारदाराच्या करातून जत-आटपाडीच्या पाझर तलावावर मजुरी निघायची. महापालिका हद्दीतल्या दुकानाची, गोदामाची घरपट्टी काढून बघा, त्यात 'रोजगार हमी कर' अशी ओळ दिसेल. तीही त्याच विचारातून आली.

म्हणजे ज्याला काम आहे त्याच्याकडून घेऊन ज्याला काम नाही त्याला देणं, हे आपल्याकडे राज्याच्या करातूनच सुरू झालं. धागाकर्ते 'कर वेगळा, विमा वेगळा' म्हणतात, पण सांगली जिल्ह्याच्या इतिहासात ते दोन्ही जोडलेले आहेत.

वाई_कराड

तासगावकर, इतिहास बरोबर आहे आणि अभिमानाचा आहे. पण यावरून व्यवसाय कर म्हणजे आपला बेकारी विमा, असा अर्थ कोणी काढू नये. विम्यात भरणाऱ्याचाच हक्क तयार होतो. करात भरणाऱ्याचा काही हक्क नसतो.

२२,००० पगाराचा माणूस घ्या, शिरवळला किंवा सातारा एमआयडीसीत. ईएसआयची मर्यादा २१,००० (अपंग व्यक्तींना २५,०००), ही १ जानेवारी २०१७ पासून हललेली नाही. तो बाहेर. व्यवसाय कर वर्षाला २,५०० चालूच, दहा वर्षांत २५,०००. नोकरी गेली तर त्याला अटल योजनेतून काही नाही. रोजगार हमीचं काम ग्रामीण अंगमेहनतीचं, ते त्याच्यासाठी नाही. १५,००० वाल्याला २२,१९२ मिळतात आणि २२,००० वाल्याला शून्य. दोघांची घरं पगारावरच चालतात. ही फट भरली पाहिजे.

मर्यादा ओलांडतानाचा सापळाही लक्षात ठेवा. पगार मेमध्ये २१,००० च्या वर गेला तरी ३० सप्टेंबरपर्यंत अंशदान चालू राहतं. १ ऑक्टोबरला माणूस बाहेर पडतो. मग पुढच्या जूनमध्ये नोकरी गेली तर लगेच आधीच्या कालखंडात ७८ दिवस नाहीत, म्हणून दावा नाही, आधीची आठ वर्षं अंशदान भरलेलं असलं तरी.

आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं सगळ्यात मोठं वगळलेलं क्षेत्र म्हणजे साखर. हंगामी कारखाने ईएसआयच्या कक्षेबाहेर, आणि कायद्यातल्या त्या यादीत साखर गुळासकट लिहिलेली आहे. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात हंगाम संपला की ज्याचं काम थांबतं, नेमका तोच भत्त्याच्या बाहेर. पगार १०,००० च्या वर असेल तर व्यवसाय कर मात्र हंगामातही कापला जातो.

तासगाव_पूर्व

हक्काचा मुद्दा मान्य. पण रोजगार हमीतही हक्काचा भत्ता होता. १९७७ च्या कायद्यात मागणीनंतर पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर दिवसाला किमान १ रुपया. २००५ च्या केंद्रीय कायद्यात पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान निम्मा. अकुशल मजुरी केंद्राने द्यायची, भत्ता राज्याने, म्हणजे काम न देणं राज्याला महाग पडावं अशी ती मांडणी. प्रत्यक्षात ती फसली ती एका कागदाच्या तुकड्यापायी: काम मागितल्याची तारीख घातलेली पोच. पोच नसेल तर पंधरा दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध होत नाही, आणि पोच द्यायची तर ती देणाऱ्या कार्यालयावरच भत्त्याची जबाबदारी येते.

कृष्णा_घाट

इतर देशांचं थोडक्यात, कारण आपली मांडणी एकमेव नाही हे त्यातून दिसतं.

अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने बेकारी विमा राज्यांकडे दिला (विस्कॉन्सिनने १९३२ मध्येच स्वतःचा कायदा केला होता). केंद्राचा कर मालकाकडून, कामगारामागे पहिल्या ७,००० डॉलरवर ६ टक्के. मालकाने राज्याचा हप्ता वेळेवर भरला तर ५.४ टक्क्यांची सूट, उरतात ०.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ डॉलर. राज्याने केंद्राकडून उसने घेतलेले पैसे मुदतीत फेडले नाहीत तर ती सूट घटते आणि भुर्दंड मालकांवर पडतो. कॅलिफोर्नियात हे झालं आहे. बहुतेक राज्यांत भत्ता २६ आठवडे, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनात १२ च. फ्लोरिडात आठवड्याची कमाल रक्कम २७५ डॉलर, मॅसॅच्युसेट्समध्ये हजाराच्या वर. म्हणजे तिथे विमाही सीमेवर बदलतो.

मिरज_जंक्शन यांच्या प्रश्नाचं तिथलं रूप बघा. घर न्यू जर्सीत, काम पेनसिल्वेनियात. दोन राज्यांत करार आहे, त्यामुळे पगारावरचा राज्याचा आयकर घर असलेल्या न्यू जर्सीला. बेकारी विम्याचा हप्ता मात्र काम असलेल्या पेनसिल्वेनियाला, आणि त्या राज्यात कामगारालाही तो थोडा भरावा लागतो. फिलाडेल्फियात काम असेल तर शहराचा पगार कर वेगळा, त्याला हा करार लागत नाही. फिरतीच्या नोकरीत विमा कोणत्या राज्याचा हे क्रमाने चार कसोट्या लावून ठरतं: काम मुख्यतः कुठे होतं, कामाचा तळ कुठे, हुकूम कुठून सुटतात, आणि शेवटी घर कुठे.

कॅनडात विमा केंद्राचा, पण सगळीकडे सारखा नाही. देशाचे ६२ भाग केले आहेत. माणूस राहतो त्या भागात बेकारी जास्त असेल तर ४२० तासांच्या कामावर पात्रता, कमी असेल तर ७०० तास. मुदत १४ ते ४५ आठवडे, कमाईच्या ५५ टक्के. मासेमारांसाठी वेगळी तरतूद आहे, म्हणजे हंगामी कामाला बाहेर ठेवलेलं नाही. वाई_कराड यांच्या साखर कामगाराच्या मुद्द्याला हे उत्तर लागू पडतं. क्युबेक प्रांत आपला आयकर स्वतः गोळा करतो आणि २००६ पासून बाळंतपण-पालकत्वाचा विमाही स्वतः चालवतो, म्हणून तिथे केंद्राच्या बेकारी विम्याचा दर कमी.

स्वित्झर्लंड आपल्यासारखं आहे, पण टोकाचं. कर २६ कँटनांत आणि त्याखाली गावागावांत वेगळा. बेकारी विमा देशभर एक: १,४८,२०० फ्रँकपर्यंत २.२ टक्के, निम्मा कामगाराचा, निम्मा मालकाचा.

मिरज_जंक्शन

शेवटचं विचारतो. मालकाने 'लेफ्ट सर्व्हिस' टाकून झालं आहे. आता?

विश्रामबाग_ईएसआय

कमी केल्याचं पत्र असेल तर काम होतं. त्या पत्राची प्रत, शेवटच्या दोन पगारपावत्या आणि कारण चुकल्याचं मालकाचं लेटरहेडवरचं निवेदन, हे तिन्ही शाखा कार्यालयात द्यायचं आणि पोच घ्यायची. मालक निवेदन देत नसेल तर स्वतःचा लेखी अर्ज आणि सोबत कपातीचं पत्र.

खरी अडचण पत्रच नसतं तेव्हा येते. हिशेबाच्या वेळी पुढे केलेल्या छापील कागदात बहुधा 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे' ही ओळ असते, आणि हिशेबाचे पैसे हवेत म्हणून तिच्यावर सही होते. ती ओळ खोडून 'कंपनीने कामावरून कमी केल्यामुळे' असं हाताने लिहावं, शेजारी तारखेसह सही करावी आणि प्रत मोबाइलवर काढून ठेवावी.